समाचार संपल्यानंतर

दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या घरातील कर्त्या माणसाला लकवा मारल्याची वार्ता सकाळी पसरली, की संध्याकाळपर्यंत त्या घराच्या ओसरीवर चपलांची गर्दी होते. रोग्याला अमरावतीला किंवा अकोल्याला हलविले असेल, तर मंडळी एस.टी.ने तेथवर जातात. कोणी फळे नेतात, कोणी डबा नेतात, कोणी नुसतेच खाटेशेजारी उभे राहून येतात. "घोर नका करू गुरुजी, पंधरा रोजांत चालाले लागान तुम्ही," हे वाक्य दिवसातून वीस वेळा उच्चारले जाते. त्यात खोटेपणा नसतो. दुसऱ्याच्या दुखण्यात घरी बसवत नाही, हा वऱ्हाडी माणसाचा स्वभावच आहे. परंतु आठ-दहा दिवसांत हा ओघ आटतो. कोणाची पेरणी निघते, कोणाच्या कपाशीची वेचणी निघते, कोणाच्या मुलांची परीक्षा असते. पंधरा दिवस उलटतात आणि गुरुजी चालत नाहीत. महिना उलटतो, तरी डाव्या हाताने घास घेताना वरण सदऱ्यावर सांडते. समाचार संपलेला असतो, आणि खरे आजारपण तेव्हा कोठे सुरू झालेले असते.

अर्धांगवायूच्या रोग्याने मन खंबीर ठेवावे आणि इतरांनी त्याला धीर द्यावा, हा उपदेश सर्वांनाच मान्य आहे. आणि सर्वांना मान्य असल्यामुळेच तो कोणी तपासून पाहत नाही. धीर म्हणजे नेमके काय, तो कोणी द्यावयाचा, किती दिवस द्यावयाचा, आणि देणाऱ्याने त्यासाठी स्वतःचे काय खर्ची घालावयाचे, याची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः धीर हा बोलण्याचा विषय कमी आणि करण्याचा अधिक आहे.

या रोगाची घड्याळे दोन आहेत. पहिले तासांचे. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते. गुठळीच असल्याची खात्री सीटी स्कॅनने झाली, तर ती विरघळविण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. दर्यापूरहून अमरावती सुमारे ५० किलोमीटर दूर. त्यामुळे तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसताच गाडी काढणे, एवढेच तेव्हा कुटुंबाच्या हाती असते. झाडपाल्याचा लेप आणि कबुतराचे रक्त यांत हे तास घालविणारी घरे अजूनही आहेत, ही खेदाची गोष्ट होय. दुसरे घड्याळ मात्र महिन्यांचे आहे आणि त्याची टिकटिक फारशी कोणाला ऐकू येत नाही. मेंदूच्या मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु शाबूत राहिलेले भाग गेलेली कामे काही प्रमाणात शिकून घेतात. हे शिकणे लहान मुलाच्या अक्षर गिरविण्यासारखे असते. तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे मंदावते. पण थांबत नाही. "सहा महिन्यांत यायचे तेवढे येते, पुढे काही नाही" हा समज अर्धवट आहे, आणि त्याने अनेकांचे व्यायाम अकाली बंद पाडले आहेत.

पुनरावृत्तीचे महत्त्व अमरावती जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन शिकवावे लागेल, असे नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे देशी खेळांचे प्रदर्शन करून आलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ याच जिल्ह्यातले. गावोगावच्या तालमींमध्ये वाढलेल्या पिढ्यांना जोर आणि बैठका मोजण्याची सवय होती. तालमीतला वस्ताद "तू उद्या पैलवान होशील" असे सांगत बसत नाही. काल चाळीस झाले, आज बेचाळीस कर, एवढेच तो म्हणतो. आणि बेचाळीस झाले की मान डोलावतो. अर्धांगवायूच्या रोग्याला धीर देण्याची याहून चांगली रीत शोधून सापडणार नाही. "पंधरा दिवसांत चालाल" हे आश्वासन सोळाव्या दिवशी त्याच्यावरच उलटते. त्याला वाटते, इतरांना जे जमते ते आपल्याला जमत नाही, चूक आपलीच आहे. याउलट "परवा पेला धरता येत नव्हता, आज दोन घोट घेतलेत" हे वाक्य खरे असते, आणि खऱ्या वाक्यावर माणूस उभा राहू शकतो.

प्रेमापोटी होणाऱ्या चुका मात्र याहून निराळ्या. घरची माणसे रोग्याला घास भरवितात, सदऱ्याच्या गुंड्या लावून देतात, त्याच्या तोंडचे वाक्य आपणच पुरे करतात. दहा मिनिटांचे काम एका मिनिटात उरकते, पण त्या नऊ मिनिटांत मेंदूला जो धडा मिळावयाचा तो मिळत नाही. समाचाराला आलेला एखादा धट्टाकट्टा भाचा मामाला उठवून बसविताना लुळा हातच धरून ओढतो आणि आधीच सैल पडलेला खांदा निखळण्याच्या बेतास येतो. पुढे कित्येक महिने तो खांदा दुखतो. आणि खांदा दुखतो म्हणून व्यायाम बंद होतो. हात धरून ओढू नये, पाठीला आधार द्यावा, ही साधी गोष्ट दवाखान्यातून निघताना किती जणांना सांगितली जाते?

याहून गंभीर गोष्ट मनाची आहे. "हिंमत ठेवा, हसत राहा," हा सल्ला ऐकणाऱ्याला आज्ञेसारखा वाटू लागला, की त्याचा जाच होतो. अर्धांगवायू झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पुढे खिन्नतेचा विकार जडतो. तो मनाचा दुबळेपणा नव्हे. मेंदूला झालेली इजा आणि आयुष्याची झालेली उलथापालथ ही दोन्ही कारणे त्यामागे असतात आणि त्यावर औषधोपचार आहे. काही रोगी कारण नसताना रडू लागतात, काही भलत्या वेळी हसतात. भावनांवरचा मेंदूचा ताबा सुटल्याची ती खूण असते. घरच्यांना ते कळत नाही. "एवढा मोठा माणूस, लेकरासारखा रडतो" असे शेजारच्या खोलीत कोणी बोलते, आणि ते रोग्याला ऐकू जाते. अशा माणसाला निष्ठेने हसायला लावणे हा धीर नव्हे. त्याला रडू देणे, शेजारी बसून राहणे आणि डॉक्टरांच्या कानावर ही गोष्ट घालणे, हाच त्या वेळचा धीर होय.

महाराष्ट्राच्या इतिहासात या दुखण्याशी झालेल्या एका झुंजीची नोंद आहे. तिची आठवण मात्र या संदर्भात फारशी काढली जात नाही. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत जोतीराव फुले यांना 'महात्मा' ही पदवी लोकांनी अर्पण केली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले, तो हातच गेला. फुले डाव्या हाताने लिहू लागले. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ त्यांनी अशा अवस्थेत पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, तो छापून निघाला.

ही हकीकत रोग्याच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. "फुल्यांनी केले, मग तुम्हांला का जमत नाही," असे म्हणणारा माणूस ना फुल्यांना ओळखतो, ना समोरच्या रोग्याला. प्रत्येकाच्या मेंदूची इजा निराळी, प्रत्येकाचा शेवटही निराळा. त्या हकीकतीत पाहण्यासारखे आहे ते फुल्यांच्या भोवती काय होते, हे. घरात सावित्रीबाई होत्या. शुश्रूषा करणाऱ्या आणि कार्यात बरोबरीने उभ्या राहणाऱ्या, अशा दोन्ही नात्यांनी त्या तेथे होत्या. उपचार करणारे डॉक्टर विश्राम रामजी घोले हे त्यांचे स्नेही होते. अर्धा राहिलेला ग्रंथ वाट पाहत होता आणि तो पुरा व्हावा असे वाटणारी माणसे होती. आणि जेव्हा पैशाची ओढाताण झाली, तेव्हा मामा परमानंदांनी १८९० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून त्या दांपत्याची अडचण कळविली. रोग्याने स्वतः हात पसरण्याआधी मित्राने पत्र लिहिणे, हीही धीर देण्याचीच एक रीत आहे. आणि ती शंभर गोड वाक्यांहून वजनदार आहे.

उजवी बाजू गेलेल्या पुष्कळ रोग्यांची वाचाही जाते, कारण बहुतेकांच्या बाबतीत भाषेचे केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या वाट्याला हे येते तेव्हा त्याची उपजीविकाच गेलेली असते. येथे भेटीला येणारे आणखी एक चूक करतात. बोलता येत नाही म्हणजे समजतही नाही, असे धरून ते रोग्यासमोर त्याच्याच भवितव्याची चर्चा करतात, किंवा बहिऱ्याशी बोलावे तसे ओरडून बोलतात. पुष्कळदा त्याला सारे समजत असते. शब्द तेवढा सापडत नसतो. लहान वाक्यात विचारावे, 'हो' किंवा 'नाही' म्हणून उत्तर देता येईल असे विचारावे, आणि मग थांबावे. हे थांबणेच सर्वांत अवघड. शब्द शोधणाऱ्या माणसासमोर अर्धे मिनिट गप्प बसणे भल्याभल्यांना जमत नाही.

या वाचाघाताचा एक चमत्कारिक विशेष आहे. ज्याला 'पाणी' हा शब्द उच्चारता येत नाही, तो पाठ असलेले गाणे कधी कधी शब्दांसकट म्हणू शकतो. सूर आणि पाठांतर यांच्या वाटा मेंदूत काहीशा वेगळ्या आहेत. या गोष्टीचा उपयोग करून बोलणे परत आणण्याची एक पद्धती अमेरिकेत १९७३ मध्ये मांडली गेली. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या जिल्ह्यात, जेथे गावोगाव सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होते आणि भजनी मंडळाला खंजिरीची साथ असते, तेथे या पद्धतीचे बी आधीच पेरलेले आहे असे म्हटले तर वावगे ठरू नये. अर्थात वाचातज्ज्ञाची जागा भजनी मंडळ घेऊ शकत नाही. परंतु मुकी झालेली व्यक्ती आठवड्यातून दोनदा ओळखीच्या माणसांत बसली, आणि एखाद्या ध्रुपदाला तिचे ओठ हलले, तर घरच्यांना आणि तिला स्वतःला जे कळते ते कोणत्याही तपासणीच्या कागदावर उमटत नाही.

अर्धांगवायूचे रोगी दूरदूरहून राजस्थानातील बुटाटी येथे जातात. सात दिवस मुक्काम करून सकाळ-संध्याकाळ मंदिराला फेऱ्या घालण्याची तेथे प्रथा आहे. श्रद्धेचा वाद येथे बाजूला ठेवू. परंतु महिनोन्‌महिने घराबाहेर न पडलेला माणूस तेथे दिवसातून दोनदा चालतो, आपल्यासारखेच पाय ओढणारे शेकडो लोक पाहतो, आणि घरचे सारेजण सात दिवस दुसरे काहीही न करता त्याच्यासोबत असतात. या तीन गोष्टी दर्यापुरात घडवून आणण्यास रेल्वेचे तिकीट लागत नाही.

परदेशातील एक उदाहरण याच दिशेचे आहे. पॅट्रिशिया नील या नामवंत अमेरिकन अभिनेत्रीला १९६५ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने चालता-बोलताही येईना. इंग्लंडमधील ग्रेट मिसेंडन या आपल्या खेड्यात परतल्यावर तिच्या पतीने, लेखक रोआल्ड डाल यांनी, शेजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. एकाने येऊन वाचन घ्यावे, दुसऱ्याने कोडी घालावीत, तिसऱ्याने शब्द म्हणवून घ्यावेत, असा दिवसभराचा क्रम. हे शेजारी तज्ज्ञ नव्हते. डाल यांची शिस्त फार कडक होती, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो अगदी निराधार नव्हे. तरीही १९६८ मध्ये नील पुन्हा पडद्यावर आली आणि त्या भूमिकेसाठी तिचे नाव ऑस्करसाठी सुचविले गेले. त्या शेजाऱ्यांपैकी व्हॅलरी ईटन ग्रिफिथ या बाईंच्या अनुभवातून पुढे इंग्लंडमध्ये स्वयंसेवकांची एक योजनाच उभी राहिली. खेड्यातील चार रिकाम्या वेळांचा हिशेब नीट लावला, तर काय होऊ शकते याचे हे उत्तर आहे.

मात्र यावरून शासनाने अंग काढून घ्यावे असा अर्थ कोणी काढू नये. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका मोठ्या भारतीय प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देशातील १४ रुग्णालयांमधील १,२५० रोगी त्यात होते. निम्म्यांच्या कुटुंबीयांना व्यायामाचे शिक्षण देऊन घरी सोडण्यात आले, निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. सहा महिन्यांनी मरण पावलेल्यांचे वा परावलंबी राहिलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के, निघाले. म्हणजे बायकोला चार व्यायाम दाखवून दिले की फिजिओथेरपिस्टचे काम भागले, हा हिशेब टिकत नाही. तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित माणूस नियमाने भेटला पाहिजे. रोग्याला आठवड्यातून तीनदा अमरावतीला न्यावयाचे म्हणजे त्याच्यासह आणखी दोघांचा दिवस आणि गाडीभाडे. महिनाभरात घर थकते आणि उपचार सुटतात. आपुलकी आणि तज्ज्ञता यांपैकी एक दुसरीची भरपाई करीत नाही.

आणि घर थकते, म्हणजे बहुधा एक स्त्री थकते. पहाटे अंथरूण बदलणे, अंघोळ, औषधांच्या वेळा, व्यायाम, पुन्हा स्वयंपाक, आणि आलेल्या-गेलेल्यांना चहा. समाचाराच्या दिवसांत तर रोग्याहून अधिक उठबस तिचीच होते. धीर तिला कोणी देत नाही, कारण ती रडत नाही. गाडगेबाबा दर्यापूरजवळच्याच शेंडगावचे. रोग्यांबरोबर मुंबईच्या दवाखान्यात आलेल्या नातेवाइकांना रस्त्यावर निजावे लागते, हे पाहून त्यांनी धर्मशाळा बांधली. रोग्याइतकाच रोग्याजवळ बसणारा माणूस टेकीला आलेला असतो, हे त्यांना कळले होते. गुरुजींच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी दोघांनी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात त्या घरी बसावयाचे ठरविले, गुरुजींना अंगणात पंचवीस फेऱ्या मारावयास लावल्या, आणि बाईंना त्या वेळात बाजारात, देवळात किंवा नुसतेच बहिणीकडे जाऊ दिले, तर त्यांनी फुलांच्या गुच्छाहून मोठे काम केले. समाचाराला पहिल्या आठवड्यात चाळीस माणसे आली, त्यांतली पंधरा तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवता आली असती.

शाळा आणि कचेऱ्या यांची जबाबदारी याहून स्पष्ट आहे. पन्नाशीच्या आत-बाहेर अर्धांगवायू झालेल्या शिक्षकाला किंवा लिपिकाला भेटावयास येणारे सहकारी कधी कधी शेवटी खिशातून स्वेच्छानिवृत्तीचा कोरा अर्ज काढतात. हेतू वाईट नसतो. "आता कशाला दगदग," असेच त्यांना म्हणावयाचे असते. पण रोग्याच्या कानी त्याचा अर्थ "तुमची आता गरज नाही" असाच पडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या मारण्याला कारण उरत नाही. खरे पाहता २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे २० वे कलम सांगते की, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये, त्याचा दर्जाही कमी करू नये. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, आणि तसे पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचे वय होईपर्यंत त्याच्यासाठी जादा पद निर्माण करून त्याला ठेवावे. शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थांचाही आस्थापनेच्या व्याख्येत समावेश आहे. हा मजकूर छापून कोऱ्या अर्जाऐवजी खिशात ठेवावा.

तीच गोष्ट बँकेच्या खिडकीची. उजवा हात लुळा पडला की सही जुळत नाही, सही जुळत नाही म्हणून पगार किंवा पेन्शन निघत नाही, आणि स्वतःच्या पैशासाठी माणूस मुलाच्या तोंडाकडे पाहू लागतो. रिझर्व्ह बँकेच्या सूचना अशा खातेदाराच्या बाजूने आहेत. सही करता येत नसेल तर हाताच्या अंगठ्याचा, तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष घेऊन पैसे देता येतात. साक्षीदारांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. खाटेवरच्या खातेदारासाठी ठसा घरी आणि साक्षीही घरी, असे करता येते. आणि ज्या रोग्याने चार महिने पाटीवर गिरवून डाव्या हाताने स्वतःचे नाव लिहिण्याचा सराव केला आहे, तो खिडकीशी येईल तेव्हा अंगठ्याची शाई पुढे करण्याची घाई लिपिकाने करू नये. नव्या नमुना सहीचा कागद काढावा, पेन त्याच्या डाव्या हाती द्यावे, आणि मागची रांग कितीही लांब असली तरी आडनावाचे शेवटचे अक्षर पुरे होईपर्यंत थांबावे.